सी कोण, डी कोण

हरभट रोडवरच्या आमच्या दुकानात
कॉम्प्युटर एक आणि त्यात बिऱ्हाडं दोन.
पुरापासून सीपीयू छातीएवढ्या फळीवर असतो.
शटर ढकललं, उदबत्ती लावली, बटण दाबलं
की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं विचारतात,
कुठल्यात जाणार?
खाली आकडे उतरतात, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस.
गप्प बसलं तर मशीन आपणहून नव्यात जातं.
हे जमीर मुजावरनं ठरवलंय.

जमीर मिरजेचा. त्यानं डिस्कचे दोन तुकडे पाडले तेव्हा
आमचे मालक, धनपाल मगदूम, शेजारी उभे होते,
भावकीत बांध घालताना उभं राहावं तसे.
"जुन्याला धक्का नको," एवढंच पालुपद.
जुन्यात वीस वर्षांच्या पत्रिका आहेत,
लग्नाच्या, बारशाच्या, पंचकल्याणक पूजेच्या,
अशा अक्षरांत की जी फक्त तिथंच अक्षरं असतात.
नव्यात उघडली
तर वेलांटीच्या जागी कंस, अनुस्वाराच्या जागी डॉलर,
आणि वक्रतुंड महाकाय म्हणजे
नुसती उलटीसुलटी काडीकचरा.

मला हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं.
जुन्यात गेलं की जुनं स्वतःला सी म्हणवतं
आणि नव्याला डी.
नव्यात गेलं की नवं सी, जुनं डी.
एक जागं असताना दुसरं म्हणजे निव्वळ सामान,
फोल्डरात बांधून ठेवलेलं.
इतक्या वर्षांत समोरासमोर आलेली नाहीत.
पंखा मात्र एकच, दोघांच्या वाटणीचा.

परवा दुपारी समडोळीची एक बाई आली.
नवरा मस्कतला गाडी चालवतो, बोलावतोय.
पासपोर्टला लग्नाची नोंद पाहिजे,
नोंदीला पत्रिका पाहिजे,
पत्रिका पाण्यात गेली.
"तुमच्यातच छापल्याली. वैशाखात. गुलाबी कागुद."
मी नव्यात होते, जीएसटीचं बिल अर्ध्यावर.
डीमध्ये शिरून नवऱ्याच्या आडनावावर शोधलं,
फाइल सापडली, उघडली.
कंस, डॉलर, कंस.
बाई वाकून बघत म्हणाली, "ही माझी न्हवं."

बिल जपून ठेवलं. मशीन बंद. परत चालू.
तीस, एकोणतीस. बाण खाली.
जुनं उठायला वेळ लावतं,
खाटेवरनं आधी एक पाय सोडतं, मग दुसरा.
हिरवी टेकडी आली, निळं आभाळ आलं.
"हे कुठलं गाव?"
"कुठलंच नाही, काकी."

मग श्री जोतिबा प्रसन्न,
आमचे येथे श्रीकृपेकरून,
मामांची नावं दोन ओळीत, एकाचं चुकलेलं,
आणि मध्ये, वळणदार,
चि. सौ. कां. मालन.

तिच्या हातातल्या अर्जावर नाव होतं अश्विनी.
तिनं काचेवर बोट ठेवलं, काढलं नाही.
"सासरी तांदळात लिवलं तवापास्नं हे बंदच हाय.
आई म्हणायची तेवढी. तीबी गेली."
आणि मग, मला नाही, पडद्याला विचारल्यासारखं,
"चालू हाय व्हय अजून?"

मी म्हटलं, ह्याच्यात चालू आहे.

गुलाबी कागद संपला होता. पिवळ्यावर काढली.
नाव जुळणार नाही, नोटरीकडं जावं लागेल,
हे मालकांनी दोनदा समजावलं, दहा रुपये घेतले.
तिनं आणखी एक प्रत मागितली.
"ही कुठं द्यायची?"
"कुठंच न्हाई," म्हणाली,
घडी न घालता पिशवीत उभी ठेवली
आणि एसटी गाठायला निघाली.

मला परत नव्यात जायचं होतं, बिल राहिलेलं.
मशीन बंद. चालू. पांढरी अक्षरं.
बाणाला हात लावला नाही.
आकडे अकरावर आले तेव्हा
दारात वास्तुशांतीवाले, तिघंजण,
उद्या सकाळी हवंय म्हणाले,
शंभर प्रती, आणि नावं सगळी यायला पाहिजेत.