अंगुस्ताना

धुक्यामुळे विमान दोनदा कोपनहेगनला परत गेलं,
आणि त्या विमानात त्वचेची डॉक्टर होती.
महिन्यातून एक दिवस ती आमच्या बेटांवर येते.
तिसऱ्या खेपेला उतरली.
मी फुग्लाफ्योरहून पहाटेच निघाले,
राखाडी स्वेटर घालून. काळं मी घालत नाही.

काळ्यावर सगळं दिसतं.
गाडीच्या सीटवरून, चर्चच्या बाकावरून
मी उठले की मागे माझा भुगा राहतो,
खारवलेल्या माशावरून झडलेल्या मिठासारखा.
म्हणून गाडीच्या खणात एक छोटा ब्रश.
हॉग्नीला वाटायचं, तो कुत्र्यासाठी आहे.
कुत्रा जाऊन चार वर्षं झाली.

अकरा वर्षं मी नायटा म्हणून सांभाळलं हे.
आधी एक मलम, मग त्याच मलमाचा महाग भाऊ.
शेजारच्या बर्गल्योतने देवमाशाच्या चरबीचं तेल दिलं.
खाज होती तिथेच राहिली,
गल्लीतली मांजरं मात्र माझी झाली.

घरात माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर.
तसं कोणी सांगितलं नव्हतं.
खिळा मीच ठोकला.

मी बाही वर करत होते, कोपर दाखवायला,
तर डॉक्टर म्हणाली, आधी नखं.
दिव्याखाली माझं बोट धरून तिरकं केलं.
नखावर बारीक बारीक खळगे.
अंगुस्ताना, ती म्हणाली.
शिवताना बोटात घालतात ना, तसं नख.
मग कानामागे पाहिलं, केसांच्या काठाला, बेंबीत,
जिथे मी स्वतःसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.
मनगटावरची रांग पाहून विचारलं, इथे काय घासलं?
नावेचा दोर, मागच्या उन्हाळ्यात.
तिने मान हलवली, ओळखीचं कोणी भेटावं तशी.

सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात?
मी म्हटलं, वल्ही मारते, वय झालं.
किती वेळ?
पहिली कॉफी संपेपर्यंत.
मग खरं सांगितलं: दुसरी.
तेवढंच तिने दोनदा अधोरेखित केलं,
रक्त तपासायला दिलं, सांध्यांच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली.

सोरायसिस, ती म्हणाली.
कोणाचं तुम्हाला लागलेलं नाही, तुमचं कोणाला लागणार नाही.
कायमचा जाईल असं वचन देत नाही. ताब्यात राहील.
मी इतकंच विचारलं, टॉवेल?
तिला प्रश्न कळला नाही.

डिसेंबरात आमच्या गावात
सूर्य डोंगराच्या कडेपर्यंत येतो आणि परततो.
दवाखान्यातला सूर्य मात्र वेळ पाळतो:
सोमवार, बुधवार, शुक्रवार, सव्वाचार.
उभं कपाट, आत जांभळट नळ्या.
डोळ्यांवर काळा चष्मा, बाकी अंगावर जवळजवळ काही नाही,
आणि दाराबाहेर बोगी सेकंद मोजतो.
पहिल्या दिवशी वीस.
वीस सेकंदांत काय होणार?
काही झालं नाही. पाचव्या आठवड्यातही फारसं नाही.
मलम रात्री, नेमाने, चादरी तेलकट.
एकदा मी चिडून तीन फेऱ्या बुडवल्या,
पाठीने लगेच हिशेब मागितला.
बोगी ओरडला नाही. सेकंद कमी करून पुन्हा सुरू केलं.

मार्चमध्ये कधीतरी
न्हाणीघरात टॉवेल ओढला आणि तो हॉग्नीचा निघाला.
ओला. मी तो परत टांगला नाही, तोंड पुसलं.

जुलैतल्या शर्यतीला अर्ध्या बाह्यांचा सदरा,
गडद निळा, आमच्या नावेचा रंग.
चट्टे होते तिथे आता फिकट डाग,
समुद्रातल्या बेटांच्या नकाशासारखे, नावं न लिहिलेले.
डाव्या कोपरावर एक उरलाच आहे, जाड, हट्टी.
आम्ही तिसऱ्या आलो.
पुढच्या बाकावरची आर्मगार्द मागे वळून म्हणाली,
तुझं वल्हं उशिरा पडतं.
अकरा वर्षांत माझ्या हाताबद्दल
कोणी एवढं साधं बोललं नव्हतं.

ब्रश अजून गाडीच्या खणात आहे.