माया

ऑर्लेमच्या दुकानात फिलोमिना कमरेला टेप लावते.
"सव्वाचौतीस. गेल्या नाताळात तेहेतीस होती."

पोट तसं अजून सपाट.
अकरा वर्षं झाली.
वजन सांभाळा, टिकेल, म्हणाले होते डॉक्टर.
टिकलंय. फक्त बाजूंनी
दोन मुठी परत आल्यात,
कुणी बोलावलं नव्हतं.

वण सायीसारखा फिका,
डावीकडे किंचित वर चढलेला.
त्याच्या वरची कातडी बधिरच राहिली:
निऱ्या खोचताना
बोटांना पोट कळतं,
पोटाला बोटं कळत नाहीत.

बेंबी नवी. बरी आहे.
निनादच्या वेळच्या रेषा
कापलेल्या कातडीबरोबर गेल्या.
ती कुठे टाकतात,
विचारायचं राहिलं.

"ढिला शिवू?"
नको, बेताचाच.
पण आत माया ठेव,
दोन बोटं तरी.