कुठे उतरलात?

रविवारी आई आमचे कपडे इस्त्री करायची
मोटेलच्या टेबलावर टॉवेल अंथरून,
कॉलर दोनदा.
चुरगळलेल्या माणसाला कोणीही हटकतं, म्हणायची.

मग दोन बस.
पहिली हायवेची: टायरची दुकानं,
भेटवस्तूंच्या दुकानावरची प्लास्टरची मगर,
जिचा खालचा जबडा एका वादळात गेला
आणि तरी ती हसायची.
दुसऱ्या बसमध्ये कामावर निघालेल्या बायका,
मांडीवरच्या पिशवीत गणवेशाची घडी.
रिसॉर्टच्या थांब्यावर आम्हीही उतरायचो.
उतरायचो म्हणजे, बसमधून.

पार्कचं तिकीट आमच्या दोन आठवड्यांच्या भाड्याएवढं.
पण हॉटेलांची आवारं, तळ्याकाठचा लाकडी धक्का,
आणि ह्या हॉटेलातून त्या हॉटेलात नेणारी होडी,
तिथे कोणी काही मागत नाही,
हे आईनं कुठून शोधून काढलं होतं कोण जाणे.

धावायचं नाही. बोट दाखवायचं नाही.
स्पॅनिश हळू, इंग्रजी त्याहून हळू.
पोहण्याच्या तलावाकडे बघायचं ते चालता चालता,
थांबून नाही.
तिथे मनगटावर पट्टा लागतो.

लॉबीत व्हॅनिलाचा वास आणि डुलत्या खुर्च्या.
नेफ्ताली पाच वर्षांचा, पाय टेकायचे नाहीत,
मी मागून डुलवायचे.
आई खुर्चीच्या टोकावर, पर्स मांडीवर,
दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी.
मग उठून कोपऱ्यातल्या पिंपातून
तीन ग्लास पाणी आणायची, फुकटचं,
काठोकाठ बर्फ घालून.
मधोमध भोक असलेला बर्फ. असा आमच्याकडे नव्हता.

एकदा गुलाबी टोपीतल्या एका बाईंनी विचारलं,
प्रेमानंच विचारलं,
कुठे उतरलात तुम्ही?

पलीकडे, आई म्हणाली,
आणि हात असा फिरवला
की त्यात तळं मावावं, पाइनची झाडं, हायवे, मगर,
खोली क्रमांक एकशे चौदा, दर शुक्रवारी भाडं,
आणि अजून हात लांबवला तर
समुद्रापारचं, पोन्सेजवळचं आमचं घर,
ज्याच्यावर निळी ताडपत्री आहे
आणि ताडपत्रीखाली कोणी नाही.

छान आहे हो ती बाजू, बाई म्हणाल्या.

अंधार पडला की धक्क्यावर गर्दी व्हायची.
तळ्यापलीकडे आतषबाजी, आवाज जरा उशिरा पोचायचा.
त्या रविवारी आमच्या शेजारी एक मुलगा रडत होता,
ग्रेडी नाव, ओहायोचा,
ओला टॉवेल खांद्यावर, मनगटावर पट्टा.
उद्या आम्ही निघणार, तो म्हणाला. सकाळीच.
तुम्ही कधी?

नेफ्तालीनं आकाशावरची नजर काढली नाही.
आम्ही नाही जात. आम्ही इथेच राहतो.

रडणं एकदम थांबलं.
बाबा, तो ओरडला, बाबा, हे लोक इथेच राहतात!
आणि त्याचा बाप, दिवसभराच्या उन्हानं लाल झालेला,
आमच्याकडे वळून असा बघू लागला
की मला माझा शर्ट आठवला, त्याची कॉलर.

मी आईकडे पाहिलं.
खोटं बोललं की ती डोळ्यांनीच चिमटा काढते.
पण हे खोटं होतं का?
तिलाही ठरवता येत नव्हतं बहुतेक.
वर हिरवं काहीतरी फुटलं, उलगडलं, विझत खाली आलं,
आणि तिनं नेफ्तालीच्या खांद्यावरचं
नसलेलं काहीतरी झटकलं.

शेवटच्या बसमध्ये तो झोपला.
हातात कागदी ग्लास, तो सोडेना.
मोटेलवर पोचेपर्यंत एकच बर्फ उरला होता,
भोक मोठं, कड कागदासारखी पातळ.
तो आम्ही फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवला,
जिथे आई भाड्याचं पाकीट ठेवायची.

शुक्रवारपर्यंत टिकला.