पोटात ठेवलेलं

डंडीत नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
रुअरीच्या फायलीत पाच विभागांची पत्रं:
पोटाचं वेगळं, डोक्याचं वेगळं,
एक तर नुसतं झोपेचं.

मॉरवेन पुढच्या वर्षी लीड्सला चालली,
मुलांचं लिव्हर, फक्त लिव्हर शिकायला.
तिचं चुकत नाही.
आमच्या वेळी गोवरापासून गाठीपर्यंत
एकच डॉक्टर सगळं बघायचा,
आणि कधी कधी कळेपर्यंत उशीर झालेला असायचा.
एका मुलीचं नाव मी अजून घेत नाही.

तरी म्हटलं, बस जरा. हात चोळून घे आधी,
गार हाताला पोट खरं सांगत नाही.

बसली. स्कॅन बाजूला सरकवला.
रुअरीने बुटाची नाडी सोडली, बांधली, सोडली.
मग विचारलं,
घरी जाताना बस
बाबांच्या नव्या घरावरून जाते का?

आमच्याकडे म्हणतात, गोष्ट पोटात ठेवली.
हे तिला इंग्रजीत सांगताना मी दोनदा अडखळलो.

तिने ते लिहून घेतलं,
पत्रात नाही, तळहातावर.

परवा तिच्याकडून मी
लिव्हरच्या रिपोर्टातला एक नवा आकडा वाचायला शिकलो,
चष्मा पुसून.