खाच

इसोकिची गेला तेव्हा कांडाच्या गल्लीत
गुडघाभर बर्फ होता,
आणि आम्ही बर्फच छापत होतो.
छापत होतो म्हणजे, छापत नव्हतो.
बर्फ म्हणजे जिथे लाकूड कागदाला शिवत नाही ती जागा.
एवढं कळायला मला अकरा वर्षं लागली.

चित्रावर चित्रकाराची सही,
प्रकाशकाचा शिक्का,
तपासनिसाचा गोल ठसा, तो तर ठसठशीत.
इसोकिची कुठेच नाही.

रेखाटन आलं की तो ते चेरीच्या फळीवर
उपडं चिकटवायचा, वरून तेलाचं बोट,
आणि सुरी रेघेच्या अल्याड-पल्याड चालू.
संध्याकाळी चित्रकार विचारी, "माझा कागद?"
"झाडून टाकला," म्हणायचा,
आणि केरसुणी दाखवायचा.

पोरांना छपरं, किमोनोची नक्षी, होडीचे दोर.
केस मात्र त्याचेच.
नावेतल्या बाईच्या कपाळाची कड,
तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत बावीस रेघा.
तेवढा वेळ ओरिकूने अंगणात
बादलीसुद्धा वाजवायची नाही.

मग माझी पाळी.
तुरटी-सरसाचा कागद, रात्रभर ओल धरलेला.
भाताची खळ, ब्रश, बांबूच्या सालीची चकती,
आणि खांद्यापासूनचा जोर.
नागासाकीहून डच गलबतांतून आलेला तो निळा
ओल्या फडक्याने वरवर विरवत न्यायचा,
नदीवर संध्याकाळ पडेपर्यंत.
पहिले दोनशे ठसे मन लावून.
पुढचे, खरं सांगायचं तर, दिवाळखोरीतल्या दुकानासारखे.
वाटीभर सोबाच्या भावात विकायचे होते ते!

नऊ फळ्या, नऊ रंग, कागद एकच.
तो हलू नये म्हणून उजव्या कोपऱ्यात काटकोनी खाच,
खालच्या कडेला दुसरी, सरळ.
छापून झालं की ती कड कातरून टाकतात.
इसोकिचीची खाच किंचित आत कललेली असे,
डावखुरा होता ना.
कागद टेकवताना अंगठ्याला ती रोज लागायची.
सकाळी आम्ही एकमेकांशी बोलायचो ते एवढंच.

वसंतात प्रकाशकाने फळ्या रंधून घेतल्या.
चेरीचं लाकूड महाग, चित्रं काय, रोज नवी.
नदी, नाव, बावीस केस
सालपटं होऊन न्हाणीच्या चुलीत गेले.
ओरिकू म्हणाली, पाणी लवकर तापलं आज.
मी अंघोळ केली.

आता युनोसुके कोरतो. पोरगा हुशार आहे,
खाच अगदी काटकोनात पाडतो.
पण माझा अंगठा अजून आतल्या बाजूला
काहीतरी शोधतो,
आणि निळा केसभर सरकतो.

काल प्रकाशकाने अख्खी चवड
माझ्या पुढ्यात आपटली.
एकूणएक ठशात पाणी
काठाला न लागता थांबलेलं.
मध्ये पांढरी फट.
पोरं म्हणाली, बर्फ वाटतोय.

मी काही बोललो नाही.
वरचा एक ठसा काढून घेतला,
कड न कातरता.