चौथं कार्ड

लष्करात मे. जीवाजीगंजच्या माडीवर
सहा कार्डं घोंघावतात
आणि चौथं, रोज दुपारी दोनला,
मान टाकतं.

रायझर बदलला. पेस्ट नव्याने लावली,
हरभऱ्याएवढी, जास्त नाही.
मग दिसलं: मागचा पंखाच उलटा.
आठवडाभर मी
लू विकत घेऊन आत कोंबत होतो.

खसचा कूलर?
"ओल धरेल, वेड्या," फोनवर निरंजन.

पंखा फिरवला. चौऱ्याऐंशीवरून एकोणसत्तर.
तेवढ्यात वीज गेली.

इतकं शांत, की
शेजारच्या गॅलरीतून कुमुदकाकू स्पष्ट:
"बंद का केलंस रे?
गच्चीवर माकडं. आत्ता कुठे तुझ्या खिडकीतून
बरा झोत यायला लागला होता,
पापड्या अर्ध्या ओल्याच राहिल्या."

आजची कमाई एकशे दहा.
बिल अजून यायचंय.