उघडीप

दुसरीच्या वर्गात नऊ ठिकाणी गळतं,
तिसरीत चार. ऑफिसात एकच,
पण नेमकं दाखल्यांच्या कपाटावर.
जुलैत मी फळ्यावर गळतीचा नकाशा काढला होता.
आता ऑगस्ट, आणि नकाशाच
ओघळून गेलाय.

बादल्या सात. पोषण आहाराची दोन पातेली,
आणि विमल सागवेकरांनी घरून आणलेलं
बाळंतिणीच्या न्हाणीतलं घंगाळ.
त्याचा आवाज सगळ्यात खोल.
मुलं त्यावर पाढ्यांचा ठेका धरतात;
मोठी सर आली की तेराचा पाढा
आपोआप धावतो.

पंचायत समितीचं पत्र:
दुरुस्ती सुट्टीच्या कालावधीत करावी.
सुट्टीत पैसे नव्हते. पैसे आले तेव्हा
कौलांवर शेवाळ हिरवंगार.
सोबत गळतीचा फोटो जोडावा,
स्पष्ट दिसेल असा.
थेंबाचा फोटो काढून बघा कधी.
मी अकरा काढले. अकराही फोटोंत
नुसती भिंत, आणि खाली
आ वासून वर बघणारा मंथन.
तोच पाठवला. मंजूर झाला.

इस्माईल सोलकर खाडीपलीकडून होडीने आला.
"बाई, भर पावसात कौलं उतरवणारा येडा,
नि उतरव म्हणणारा त्याहून."
मग शिडीवर चढून एकेक वासा
बोटांनी ठोकत राहिला,
डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसा.
"चार गेले. वाळवी नाय, पाणीच.
दोन-दोन तासांची उघडीप द्या मला."
जशी काही उघडीप
माझ्या कपाटात कुलूपबंद असते.

तर वेळापत्रक आता असं:
पहिली-दुसरी पाष्ट्यांच्या पडवीत,
सुकटीच्या वासात;
तिसरी-चौथी देवळात, घंटा वर बांधून;
पाचवी माझ्याबरोबर खिचडीच्या शेडमध्ये,
कारण पाचवीला ताडपत्रीचं टोक धरता येतं.
समुद्राकडून काळोखी आली
की वरून हाक येते,
आणि अपूर्णांक तिथेच
अर्धे राहतात.

कौलं हातोहात खाली येतात.
रांगेत पालक, शाळा सोडून गेलेली पोरं,
पोस्टमन भोवडसुद्धा,
टपालाची पिशवी खुंटीला लावून.
फुटकी एकशे बारा, दुर्वाने मोजली.
माझी एकशे दहा भरली होती.
वहीत तिचा आकडा लिहिला.

गुरुवारी साडेतीन तास ऊन पडलं.
इतकं, की वासे बसवता बसवता
इस्माईलचा घाम बाकावर टपकला
आणि दारातून डोकावणारा रोशन ओरडला,
"बाई, अजून गळतंय!"

शनिवारी कोने बसले.
रविवारी रात्रभर धो धो. मी झोपले नाही.
सोमवारी कुलूप काढलं.
आत कोरडं. घंगाळ कोरडं.
इतकं शांत, की दुसरीच्या वर्गात
समुद्राची गाज येत होती,
ती इतके दिवस कुठे होती कोण जाणे.
मुलं आली, ओळीने बसली,
बादल्यांच्या नऊ जागा सोडून.
सरका म्हटलं. कुणी सरकेना.

ऑफिसातला एक थेंब मात्र तसाच.
इस्माईल म्हणतो, हा कौलाचा नाय, भिंतीतला,
त्याला वेगळं इस्टिमेट.
मी कपाट हातभर सरकवलं,
घंगाळ तिथे ठेवलं
आणि विमलताईंना निरोप धाडला:
सुनेला अजून सातवाच ना?